मदत हवी आहे: गुडघा कुरकुरतोय, आणि लोकांनी पैसे तर देऊन झालेत

पाच आठवड्यांनी माझी पहिली फुल मॅरेथॉन आहे. आईचे शेवटचे दिवस ज्या हॉस्पिसमध्ये (बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणारी संस्था) गेले, त्यांच्यासाठी त्या निमित्ताने पैसे गोळा करते आहे. चाळीसेक जणांनी दिलेत. आणि गेल्या रविवारी लाँग रनला २४व्या किलोमीटरला उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला अशी कळ आली की उरलेलं अंतर चालत आले. जिना चढताना काही नाही, उतरताना मात्र कठडा धरावा लागतो.

फिजिओ म्हणाली आयटी बँड, म्हणजे मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली जाणारा पट्टा. मी अंतर फार झपाट्याने वाढवलं. (चूक माझीच. हुकलेला आठवडा पुढच्या आठवड्यात भरून काढायचा, असा माझा हिशेब.) दोन आठवडे पळणं बंद, व्यायाम चालू. ते करतेच आहे.

अडलंय ते वेगळीकडे. लोकांनी मी ४२ किलोमीटर धावणार म्हणून पैसे दिलेत. निम्मं चालत गेले किंवा तिसाव्या किलोमीटरला बाजूला झाले, तर त्या पैशांचं काय? भाऊ म्हणतो, गप्प बस, कोण घड्याळ लावून बसलंय. मला ते पटत नाही. त्या दिवसापुरती वेदनाशामक गोळी घेऊन निभावलं तर?

शिवाय आवाहनाचा मजकूर. एका रात्रीत लिहिला, त्यात नुसती आईच आहे, आता वाचवत नाही. एका काकांनी विचारलं, 'बरं व्हायचंच नसेल तर पैसे कशाला लागतात?' मी त्यांना १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढणाऱ्या सिसिली सॉन्डर्सबद्दल लिहिलं. दुखणं उसळायची वाट न बघता मॉर्फिन ठरल्या वेळी द्यायचं, हा त्यांचा आग्रह, वगैरे. काकांनी अंगठा पाठवला. काय लिहू?

प्रतिसाद
गोळीचं आधी. आयब्रुप्रोफेनसारखी गोळी घेऊन लांब पळणं मूत्रपिंडाला महागात पडू शकतं, आणि दुखणं दबल्यामुळे तुम्ही गुडघ्याची पुरती वाट लावाल. नको.
चालण्यात कमीपणा कसला? थोडं पळायचं, थोडं चालायचं, हे जेफ गॅलोवे कित्येक वर्षं शिकवत आले, आणि ते १९७२च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले. फक्त पहिल्या किलोमीटरपासून तसंच करा, दुखायला लागल्यावर नव्हे. शर्यतीची वेळमर्यादा मात्र आत्ताच बघून ठेवा.

प्रतिसाद
पैसे हॉस्पिसला दिलेत, तुमच्या गुडघ्याला नाही. पण लपवू नका. सगळ्यांना दोन ओळी पाठवा: दुखापत आहे, जमेल तेवढं पळेन, उरलेलं चालेन, कोणाला पैसे परत हवे असतील तर सांगा. बहुतेक कोणी मागणार नाही. आणि पैसे तुमच्या खात्यात येत असतील तर ते आजच थांबवा, थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या.
काकांना इतिहास कशाला? तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं एक काहीतरी सांगा.

धागाकर्ती
गोळी रद्द. दोन ओळी पाठवल्या, दोघांनी उलट रक्कम वाढवली. खाते क्रमांकही बदलला.

काकांना एवढंच लिहिलं: आईला गिळता येत नव्हतं तेव्हा रात्रपाळीची नर्स काडीवरचा स्पंज ओला करून तिच्या ओठांवरून, हिरड्यांवरून फिरवायची. दर थोड्या वेळाने, रात्रभर. आई शुद्धीवर नव्हती, तरी नर्स दर वेळी आधी सांगायची, 'आजी, पाणी लावते हं.'

काकांनी उलट विचारलंय, रात्री अशा किती जणी असतात तिथे. उद्या फोन करून विचारते.