जखमी जवानाची शुश्रूषा करणाऱ्या पत्नीला हक्काची विश्रांती मिळावी का?

जवानाची बहीण, ऐरोली:
कर्तव्यावर असताना माझ्या भावाच्या मणक्यात गोळी लागली आणि कमरेखालची संवेदना गेली, त्याला आता नऊ वर्षे झाली. बेडसोअर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी त्याची कूस बदलावी लागते, कॅथेटर (लघवीची नळी) सांभाळावा लागतो, आणि हे सारे माझी वहिनी रात्री गजर लावून एकटी करते; तुर्भ्याची नोकरी तिने पहिल्याच वर्षी सोडली. अपंगत्व शंभर टक्के असेल आणि सतत मदतनीस लागतो असे वैद्यकीय मंडळाने मान्य केले, तर निवृत्तिवेतनाबरोबर वेगळा भत्ता मिळतो. जुलै २०१७ मध्ये तो दरमहा ६,७५० रुपये झाला होता. परंतु भत्त्याने झोप भरून निघत नाही. वर्षातून पंधरा दिवस शासनाने प्रशिक्षित परिचारक घरी पाठवावा, असे माझे ठाम मत आहे. गेल्या पावसाळ्यात वहिनी आठवडाभर ताप अंगावर काढत होती, हेसुद्धा मला भावाकडून कळले.

निवृत्त सुभेदार, कळवा:
ताई, वहिनींपुढे मी हात जोडतो, परंतु उपाय पटत नाही. पुण्यातील खडकीचे पॅराप्लेजिक (कमरेखाली लुळे पडलेल्यांचे) पुनर्वसन केंद्र १९७४ पासून अशाच जवानांसाठी आहे. तेथे उपचार आहेत आणि समदुःखी सोबतीही आहेत. घरात, मुलांदेखत, परक्या माणसाकडून शरीरधर्माची कामे करून घेणे जवानाला अपमानाचे वाटेल.

जवानाची बहीण, ऐरोली:
सुभेदारसाहेब, लष्करी रुग्णालयात हीच कामे परिचारकांनी केली, तेव्हा त्याचा मान कमी झाला नव्हता. खडकीबद्दल मला आदर आहे. पण भाची दहावीत आहे, तिचे गणित तोच घेतो, आणि त्या तासाभरात तो रुग्ण नसतो.

दुसऱ्या एका जखमी जवानाची पत्नी, घणसोली:
माझा विरोध वेगळ्या कारणासाठी आहे. माझ्या यजमानांना वेदना जाणवत नाहीत, त्यामुळे माकडहाडापाशी आलेली लाली नजरेनेच टिपावी लागते. नव्या माणसाकडून ती एकदा सुटली, तर पंधरा दिवसांच्या विश्रांतीपायी पुढचे कित्येक महिने मलाच जखम भरून आणावी लागेल. त्यापेक्षा एकच ओळखीचा परिचारक रोज दोन तास यावा.

जवानाची बहीण, ऐरोली:
तुमची भीती खरी आहे, म्हणून हे सारे वहिनीला वाचून दाखवले. परिचारकाला आधी आठवडाभर स्वतः शिकवायची तिची तयारी आहे. मात्र दिवसाचे दोन तास तिला नकोत, रात्र हवी आहे.