पीएचडी, मित्रमंडळी आणि घरचा स्वयंपाक: आठवड्याची घडी कशी बसवायची?

पाटीपेन्सिल

पीएचडीचं दुसरं वर्ष. लॅब सकाळी ९ ते संध्याकाळी ७, आणि प्रयोग लावलेला असेल तर घरी परतायच्या वेळेचा भरवसा नाही. घरात दोन शेगड्या, सहा लिटरचा प्रेशर कुकर, मायक्रोवेव्ह आणि फ्रिजच्या डोक्यावरचा लहानसा फ्रीझर. जवळची चार जणं, सगळी संशोधनातलीच, प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं.

रोज रांधायचं तर पाऊण ते एक तास जातो, भांडी वेगळी. रविवारी सगळ्या आठवड्याचं करून ठेवलं तर दुसऱ्याच दिवशी भात कडक, भाज्यांना पाणी सुटलेलं, आणि गुरुवारपर्यंत तेच ते खाऊन कंटाळा. शिवाय रविवारची दुपार ओट्याशी गेली की कुणाला भेटणं होत नाही.

आगाऊ नेमकं काय करून ठेवावं आणि काय ठेवू नये? भेटीगाठी टिकतील असं वेळापत्रक कसं आखावं? सबमिशन जवळ आलं की काय सोडावं आणि काय सोडू नये? प्रमाणासकट सांगितलंत तर फार मदत होईल.

---

मंद आच

पूर्ण जेवण करून ठेवू नका. जेवणातला वेळखाऊ भाग तेवढा करून ठेवा. पाऊण तास कुठे जातो ते पाहा: कांदा चिरून परतणं, कडधान्य भिजवून शिजवणं आणि निवडणं-चिरणं. ही तीन कामं आधी झालेली असतील तर रोज १५ मिनिटांचं काम उरतं, आणि त्या १५ मिनिटांत चव दर वेळी वेगळी करता येते. तयार रस्सा पाच दिवस पुरवला की पाचही दिवस एकच चव, म्हणून गुरुवारी तो नकोसा होतो.

कांदा. एक किलो कांदे बारीक, पण शक्यतो एकसारखे चिरा. पसरट, जाड बुडाच्या भांड्यात ४ टेबलस्पून तेल, कांदा आणि अर्धा चमचा मीठ. पहिली १० मिनिटं झाकण ठेवून मध्यम आचेवर, म्हणजे कांदा आपलं पाणी सोडतो. मग झाकण काढून ते पाणी आटू द्या. तिथून पुढे २५ ते ३० मिनिटं मंद आच, दर ३-४ मिनिटांनी ढवळायचं. बुडाला तपकिरी थर धरला की २ टेबलस्पून पाणी घालून उलथन्याने खरवडा; चव त्या थरातच असते. उभट भांडं घेतलं तर कांदा वाफेतच शिजत राहतो, रंगच येत नाही. आच मोठी केली तर कडा करपतात आणि मधला भाग कच्चा राहतो, मग सगळ्यालाच कडवटपणा येतो. शेवटी साधारण तिसरा हिस्सा उरतो. तो गार करून बर्फाच्या ट्रेमध्ये भरा, गोठला की तुकडे काढून बंद पिशवीत टाका. ट्रेमध्येच उघडा ठेवलात तर सगळ्या फ्रीझरला वास लागतो.

कडधान्य. ५०० ग्रॅम रात्री भरपूर पाण्यात भिजवा. शिजल्यावर ते सव्वा किलोच्या आसपास भरतं. भिजवायच्या पाण्यात थोडं मीठ घातलं तर साल मऊ होते. टोमॅटो, लिंबू, चिंच असं आंबट काहीही दाणे पूर्ण शिजल्यावरच घाला, आधी घातलं तर दाणा तासभर शिजवूनही दडदडीत राहतो. २५० ग्रॅमच्या पाच पिशव्या करा, दोन फ्रिजमध्ये, तीन फ्रीझरमध्ये. पिशवी आडवी, चपटी गोठवा. चपटी पिशवी कोमट पाण्यात १०-१५ मिनिटांत सुटते, गोळा मात्र तासभर दगड. लहान फ्रीझरमध्ये त्या वह्यांसारख्या उभ्या लावता येतात.

भात कडक का होतो? थंड झाल्यावर त्यातला स्टार्च पुन्हा आवळत जातो, आणि हे फ्रिजच्या तापमानाला सर्वांत वेगाने घडतं, फ्रीझरमध्ये जवळपास थांबतं. म्हणून उद्याचा भात फ्रिजमध्ये, त्यापुढचा सगळा थेट फ्रीझरमध्ये. गरम करताना एका वाटीला १ टेबलस्पून पाणी शिंपडा, झाकण ठेवून मायक्रोवेव्हमध्ये २-३ मिनिटं, मध्ये एकदा हलवा आणि बाहेर काढण्याआधी मिनिटभर तसाच राहू द्या.

भाताबाबत एक गोष्ट हलक्यात घेऊ नका. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू (त्याची सुप्त, चिवट अवस्था) शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा उकळलं तरी नष्ट होत नाही. शिजल्यावर ताटात पसरा आणि तासाभरात आत टाका.

भाज्यांचं थोडक्यात: पालेभाजी, काकडी, कोबी करून ठेवू नका. बटाटा गोठवू नका, सुटल्यावर रवाळ, पाणचट लागतो. गाजर, फरसबी, फ्लॉवर चिरून, उकळत्या पाण्यात २-३ मिनिटं, मग लगेच गार पाण्यात. कोरडं करून गोठवलं तर चांगलं टिकतं. कोरडं करणं टाळलं तर बर्फाचे स्फटिक धरतात आणि तुम्ही म्हणता तसं पाणी सुटतं.

---

सहा खुर्च्या

वरच्या प्रतिसादातल्या स्वयंपाकाबद्दल सहमत. फक्त ते सगळं एकट्याने रविवारी करू नका, चौघांना घेऊन आठवड्याच्या मधल्या एका संध्याकाळी करा. भेट आणि तयारी असे दोन वेगळे वेळ काढायला गेलं की दोन्ही बुडतात.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ सालचा एक अभ्यास आहे. त्यांच्या अंदाजाप्रमाणे नुसत्या ओळखीची साधी मैत्री होण्यात सुमारे ५० तास एकत्र जातात, पक्क्या मैत्रीला ९०, आणि अगदी जिवलग व्हायला २०० हून अधिक. आता हिशोब करा: आठवड्याला २ तास म्हणजे २५ आठवड्यांत ५० तास. महिन्यातून एकदा जंगी बेत केला, अगदी ४ तासांचा, तरी त्याच काळात २३-२४ तासच होतात, आणि त्यातला एखादा चुकला की दोन महिन्यांची खाच पडते. म्हणून लहान, नेमकी, वारंवार भेट.

वार ठरवायचा आणि त्यावर परत चर्चा करायची नाही. ‘या आठवड्यात कधी जमेल?’ असा मेसेज पाच जणांच्या ग्रुपवर टाकला की उत्तरं जमायलाच तीन दिवस लागतात. त्याऐवजी नियम असा: बुधवार ठरलेला, दोघं जरी आली तरी बेत होणार, न येणाऱ्याने कारण द्यायची गरज नाही, फक्त दुपारी ४ पर्यंत आकडा कळवायचा. कारण विचारायला लागलं की ज्याचा प्रयोग फसलाय तो यायचाच बंद होतो. त्याच्यासाठी दार उघडं राहणं सगळ्यांत महत्त्वाचं.

सुरुवातीइतकीच शेवटची वेळही ठरवा: ७:१५ ला चिरायला सुरुवात, ८:३० ला जेवण, ९:३० ला भांड्यांसकट सगळं आवरलेलं. उठायची वेळ माहीत असली की उद्याची मीटिंग असलेलाही निर्धास्त येतो.

दोन शेगड्या आहेत, तेव्हा आचेपाशी एकच जण. दोघं चिरायला, एक भांडी येतील तशी घासायला, आणि जो शेवटी पोचेल त्याच्याकडे डबे भरणं. कामं दर आठवड्याला फिरवा, नाहीतर ज्याच्या हाताला चव आहे तोच कायमचा शेगडीशी अडकतो आणि गप्पांना मुकतो.

प्रमाण: माणशी ७५ ग्रॅम कोरडा तांदूळ, ६५ ग्रॅम कोरडं कडधान्य, २०० ग्रॅम भाजी. पाच जणांचं आत्ताचं जेवण आणि प्रत्येकाचा एक डबा म्हणजे १० वाढण्या: ७५० ग्रॅम तांदूळ, ६५० ग्रॅम कडधान्य, २ किलो भाजी. सहा लिटरच्या कुकरमध्ये कडधान्य आणि भात, दोन्हीही फुगणारे आणि फेसाळणारे, अर्ध्याच्या वर भरायचे नाहीत. म्हणून आधी कडधान्य, ते काढून ठेवून त्याच कुकरात भात. भिजत घालायची जबाबदारी ज्याच्या घरी बेत आहे त्याची, मंगळवारी रात्रीच. आख्खा बेत फसायचं सर्वांत नेहमीचं कारण हेच, भिजवायला विसरणं. फोनवर गजर लावा.

पदार्थ दुप्पट केला म्हणून तिखट आणि मसाला दुप्पट घालू नका, दीडपटीवर थांबा आणि चाखा. मीठ तयार पदार्थाच्या एका किलोला ८ ग्रॅमपासून सुरू करून १० पर्यंत न्या. मोठ्या पातेल्यात पाणी त्या मानाने कमी आटतं, म्हणून रश्शाचं पाणीही आधी दीडपटच. खर्च रोजच्या रोज वाटत बसू नका, ज्याच्या घरी बेत त्याचं सामान. पाच आठवड्यांत फेरी पुरी होते.

दूर राहणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी वर सांगितलेली कांदा परतायची ४० मिनिटं उत्तम. हात गुंतलेले, डोकं मोकळं, ओटा सोडून जाता येत नाही. महिन्यातून दोनदा त्या वेळेला एकेकाला फोन लावा.

---

शेवटचं प्रकरण

बुधवारचा बेत चांगला आहे, पण सबमिशनच्या महिन्यात तो पहिला मोडतो, आणि मोडला की परत सुरू होत नाही. त्यामुळे त्या महिन्याची रीत आधीच ठरवून ठेवा.

डेडलाइनच्या चार आठवडे आधीपासून यजमानपद घेऊ नका, पण जेवायला जा. स्वयंपाक सोडला तर भागतं, सोबत सोडली तर भागत नाही. तेही जमणार नसेल तर ‘नंतर भेटू’ असं मोघम सांगू नका, तारीख द्या: ‘१५ पर्यंत येत नाही, २२ च्या बुधवारी नक्की.’ मोघम निरोपानंतर समोरचा बोलावणं हळूहळू थांबवतो, आणि त्याच्या बाजूने ते बरोबरच असतं. मदतही नेमकी मागा: ‘बुधवारचा एक डबा जास्त ठेवाल का?’ हे कुणालाही पाच मिनिटांत जमतं. ‘काही मदत लागली तर सांग’ म्हणणाऱ्याला काय करायचं हे माहीत नसतं, ते आपण सांगावं.

दुसरं, एकत्र लिहायला बसा. ५० मिनिटं अजिबात न बोलता लिखाण, १० मिनिटं चहा, असे दोन किंवा तीन फेरे. फोन दुसऱ्या खोलीत. गप्पा होतात त्या दहा मिनिटांतच, तरी एकटेपणा कमी होतो आणि पानंही पुढे सरकतात.

संध्याकाळी साडेसातला भुकेलेल्या अवस्थेत काय करायचं हे ठरवणं हीच खरी अडचण असते, वेळ नंतर. म्हणून फ्रिजच्या दारावर तीन ओळी लिहून चिकटवा, प्रत्येक १५ मिनिटांच्या आतली. उदाहरणार्थ: कांद्याचे २ तुकडे + कडधान्याची पिशवी + टोमॅटो, १२ मिनिटं. गोठवलेला भात + मटार + २ अंडी, १० मिनिटं. मसूर डाळ न भिजवता, एक वाटीला तीन वाट्या पाणी, उघड्या पातेल्यात २० मिनिटं. ही थोडी लांबते, पण त्यात उभं राहावं लागत नाही. या तिन्हींचं सामान संपलं तरच खरेदी, बाकी काही नाही.

---

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार, मंगळवारचा गजर लावला. दोन शंका. ग्रुपमध्ये एकीकडे स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं) आहे. भिजवलेला राजमा सकाळी त्यात लावून लॅबला जावं का? आणि दहा वाढण्यांचं पातेलं जेवण झाल्यावर सरळ फ्रिजमध्ये गेलं तर चालेल का?

---

मंद आच

राजमा थेट स्लो कुकरमध्ये अजिबात नको. कच्च्या राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं लेक्टिन (एक विषारी प्रथिन) असतं, लाल राजम्यात सर्वांत जास्त. चार-पाच कच्चे दाणेही उलट्या सुरू करायला पुरतात, साधारण १ ते ३ तासांत. खळखळून उकळल्याशिवाय ते जात नाही, आणि स्लो कुकर कमी आचेवर तेवढा तापत नाही. उलट ८० अंशांच्या आसपास शिजलेल्या राजम्यात विषारीपणा कच्च्यापेक्षाही वाढू शकतो. दाणा मऊ लागला म्हणजे सुरक्षित झाला असं नाही. किमान ५ तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात १० मिनिटं खळखळून उकळा (३० मिनिटं उकळलं तर निर्धास्त), मग हवं तर स्लो कुकरमध्ये. प्रेशर कुकरमध्ये नेहमीसारखा पूर्ण शिजवला तर वेगळं उकळायची गरज नाही. विकतच्या सीलबंद टिनमधला राजमा आधीच शिजलेला असतो.

भरलं पातेलं फ्रिजमध्ये ठेवू नका. मधला भाग कित्येक तास कोमट राहतो आणि आजूबाजूच्या दुधालाही ऊब लागते. ५ ते ६० अंशांच्या मध्ये जिवाणू झपाट्याने वाढतात, त्या टप्प्यातून अन्न लवकर बाहेर काढायचं. जेवायला बसायच्या आधीच डबे भरा, उथळ डबे, थर ५ सेंटीमीटरपेक्षा कमी. पातेलंच गार करायचं असेल तर सिंकमध्ये गार पाणी भरून त्यात ठेवा, अधूनमधून ढवळा, पाणी कोमट झालं की बदला. शिजल्यापासून दोन तासांत सगळं आत, भात मात्र वर सांगितल्याप्रमाणे तासाभरातच. फार उकाडा असेल तर एका तासात. फ्रिज ४ अंशांवर असेल तर रस्सा-भाजी ३ ते ४ दिवस, पुढचं फ्रीझरमध्ये. आणि प्रत्येक डब्यावर कागदी चिकटपट्टीवर तारीख, पदार्थाचं नाव नंतर. डबा कशाचा आहे ते झाकण उघडून कळतं, कधीचा आहे ते कळत नाही.