फाउंड्रीतील कॉम्प्रेस्ड एअरचा वीजखर्च : व्हीएफडी कॉम्प्रेसर घेण्याआधी काय तपासावे?

प्रश्न (देखभाल विभाग, शिरोली एमआयडीसी)

कोल्हापूरजवळच्या एका मध्यम आकाराच्या ग्रे आयर्न फाउंड्रीत मी देखभाल विभाग सांभाळतो. आमच्याकडे प्रत्येकी ५५ किलोवॉटचे आणि सुमारे ३२० सीएफएम (घनफूट हवा प्रति मिनिट) क्षमतेचे दोन स्क्रू कॉम्प्रेसर आहेत. मोल्डिंग मशीन, सँड प्लांटमधील सिलिंडर, फेटलिंग शॉपमधील (ओतीव भाग घासून साफ करण्याच्या विभागातील) न्यूमॅटिक म्हणजे हवेवर चालणारे ग्राइंडर आणि साफसफाईच्या ब्लो गन या सगळ्यांना त्यांचीच हवा जाते. दुसऱ्या पाळीत शेवटच्या मोल्डिंग लाइनवर प्रेशर पडू लागल्यामुळे सेटिंग ७ वरून ८ बारवर नेले गेले आणि तेव्हापासून दोन्ही यंत्रे जवळजवळ सतत चालू असतात. व्यवस्थापन आता एक यंत्र बदलून व्हीएफडीचा (मागणीनुसार मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा) नवा कॉम्प्रेसर घेण्याच्या विचारात आहे. त्याने वीजबिल खरोखर कमी होईल का, आणि खरेदीपूर्वी कोणती मोजमापे घ्यावीत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (ऊर्जा लेखापरीक्षक)

खरेदीचा निर्णय थोडा थांबवावा, असे मी आग्रहाने सांगेन. कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेचा फार मोठा भाग उष्णता होऊन जातो आणि प्रत्यक्ष कामापर्यंत १० ते ३० टक्केच ऊर्जा पोहोचते, त्यामुळे गळून जाणारी हवा ही कारखान्यातील सर्वांत महाग गळती ठरते. ज्या कारखान्यात गळतीकडे नियमित लक्ष दिले जात नाही, तिथे उत्पादित हवेच्या २० ते ३० टक्के हवा वाया जाणे सर्रास आढळते.

साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी सर्व यंत्रे बंद ठेवून, परंतु त्यांच्याकडे जाणारे व्हॉल्व्ह उघडे ठेवून, एकच कॉम्प्रेसर चालवा. तो किती सेकंद लोडवर (हवा दाबत) राहतो आणि किती सेकंद अनलोड (मोटर फिरते, पण हवा दाबली जात नाही) राहतो, याच्या आठ-दहा नोंदी घेऊन सरासरी काढा. लोडच्या वेळेला लोड आणि अनलोड यांच्या बेरजेने भागले की गळतीचे प्रमाण मिळते. मात्र हलत्या सिलिंडरच्या सीलमधून जाणारी हवा या चाचणीत पूर्णपणे पकडली जात नाही, म्हणून आलेला आकडा किमान समजावा.

प्रेशरबद्दलही सांगतो. या पट्ट्यात डिस्चार्ज प्रेशर (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या हवेचा दाब) १ बारने वाढवले की कॉम्प्रेसरची वीज साधारण ६ ते ७ टक्क्यांनी वाढते. शिवाय ज्या ठिकाणी रेग्युलेटर नाही, तिथे आणि प्रत्येक छिद्रातून जाणारी हवाही वाढते, म्हणजे सेटिंग वाढवून आपण गळतीलाच अधिक हवा पुरवतो. शेवटच्या लाइनवरची अडचण बहुधा कॉम्प्रेसरच्या क्षमतेची नसून मधल्या वाटेची असावी. रिसीव्हर (हवेची टाकी), ड्रायरनंतरची (हवेतील ओलावा काढणाऱ्या यंत्रानंतरची) बाजू, मुख्य हेडरचे (हवेच्या मुख्य पाइपचे) टोक आणि मोल्डिंग मशीनचे एफआरएल (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर), अशा चार ठिकाणी भर पाळीत एकाच वेळी प्रेशर वाचा. मुख्य हेडरच्या दूरच्या टोकापर्यंत ०.३ बारपेक्षा जास्त घट असेल, तर पाइप अरुंद आहे किंवा कुठेतरी अडथळा आहे. ती घट ड्रायर आणि फिल्टरमध्येच होत असेल, तर एलिमेंट बदलण्याचा खर्च नव्या यंत्राच्या मानाने नगण्य आहे.

उत्तर (फाउंड्री उत्पादन विभाग)

वरील सल्ला योग्य आहे. त्यात आपल्या धंद्यापुरती भर घालतो. वाळूच्या धुळीमुळे सक्शन फिल्टर लवकर चोंदतो आणि कॉम्प्रेसर रूम भट्टीच्या बाजूला असेल तर गरम हवाच आत ओढली जाते. आत येणाऱ्या हवेचे तापमान ४ अंश सेल्सिअसने वाढले की वीज साधारण १ टक्क्याने वाढते. बाहेरच्या सावलीच्या बाजूने डक्ट घेतल्यास हा तोटा टळतो.

फेटलिंगमधील न्यूमॅटिक ग्राइंडर तेवढ्याच कामाला इलेक्ट्रिक ग्राइंडरपेक्षा कितीतरी पट जास्त वीज खातात. जिथे दिवसभर सलग काम चालते, अशा जागी हाय-फ्रिक्वेन्सी इलेक्ट्रिक ग्राइंडरचा विचार करावा. आणि ब्लो गनविषयी कळकळीने सांगावेसे वाटते की कामगारांनी अंगावरची वाळू हवेने झटकणे पूर्णपणे बंद करावे. त्यात हवा वाया जाते हे खरेच, पण उडणारी सिलिका धूळ माणसांच्या फुफ्फुसात जाते, आणि सिलिकोसिसवर उपाय नाही. तिथे औद्योगिक व्हॅक्यूम क्लीनर द्यावा.

प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. सुट्टीच्या दिवशी चाचणी घेतली. सरासरी लोड ९० सेकंद आणि अनलोड १५० सेकंद आला. ड्रायरनंतरच्या फिल्टरमध्ये जवळजवळ ०.८ बारची घट दिसते. गळती बंद केली तर नेमकी किती वीज वाचेल?

उत्तर (ऊर्जा लेखापरीक्षक)

९० भागिले २४० म्हणजे ३७.५ टक्के, अर्थात सुमारे १२० सीएफएम. प्रति सीएफएम साधारण ०.१८ किलोवॉट धरल्यास ही गळती २१ ते २२ किलोवॉट खाते. वर्षाला ६,००० तास धरले तर सुमारे १.३ लाख युनिट होतात; त्यांना आपल्या दराने गुणावे.

पण ही सगळी बचत आपोआप बिलात उतरत नाही. अनलोड अवस्थेतही स्क्रू कॉम्प्रेसर पूर्ण भाराच्या साधारण एक चतुर्थांश ते एक तृतीयांश वीज घेतो, त्यामुळे गळती कमी करूनही दुसरे यंत्र नुसते अनलोड फिरत राहिले तर बराचसा फायदा तिथेच जिरतो. फिल्टर एलिमेंट बदला, होज क्लॅम्प, क्विक कपलर आणि अर्धवट उघडे ठेवलेले ड्रेन व्हॉल्व्ह यांपासून दुरुस्ती सुरू करा, सेटिंग अर्ध्या-अर्ध्या बारने खाली आणा आणि दुसऱ्या यंत्राचा ऑटो-स्टॉप टाइमर चालू आहे ना ते पाहा. मोटर वारंवार चालू-बंद होऊ लागली तर रिसीव्हरची क्षमता वाढवावी लागेल.

उत्तर (कॉम्प्रेसर सेवा अभियंता)

व्हीएफडी वाईट नाही, एवढे नमूद करतो. मागणी सतत बदलत असेल तर तो उत्तम चालतो. मात्र कायम पूर्ण भारावर चालणाऱ्या जागी ड्राइव्हचा स्वतःचा तोटा तेवढा वाढतो. दुरुस्तीनंतर दोन्ही यंत्रांच्या किलोवॉटची आठवडाभर डेटा लॉगरवर नोंद ठेवा. नंतर घ्यायचाच ठरला, तर त्याच्या किमान आणि कमाल प्रवाहातील अंतर स्थिर वेगाच्या यंत्राच्या ३२० सीएफएमपेक्षा कमी नसावे. ते कमी असले की मधल्या एका मागणीला दोन्ही यंत्रे आळीपाळीने लोड-अनलोड होत राहतात आणि प्रेशर स्थिर राहत नाही.