पहिली 200ची बीआरएम (पुणे-सातारा-पुणे, डिसेंबर): हायब्रिडवर जमेल का? तयारी कशी करू?

सायलीप

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या मध्यात पुण्याहून साताऱ्याला जाऊन परत अशी 200 किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) आहे, सकाळी 6चा स्टार्ट. नाव नोंदवायचं मनात आहे. आत्ता सप्टेंबर संपतोय, म्हणजे हातात अकरा आठवडे.

वय 41, वजन 64. सायकल हायब्रिड: पुढे तीन, मागे आठ गिअर, 700x35 टायर, केबलचे डिस्क ब्रेक, साधे पेडल. सायकल साधारण 14 किलोची. रविवारी 60 किमीपर्यंत जाते, चालती सरासरी 18-19. 40च्या पुढे बूड दुखायला लागतं आणि दोन्ही हातांची करंगळी बधिर होते.

प्रश्न असे: (1) रोड बाईक घ्यावीच लागेल का? (2) अकरा आठवड्यांत किती किमीपर्यंत जायचं? (3) सोबत काय न्यायचं? पंक्चर काढता येत नाही. (4) खायचं-प्यायचं काय? दुकानातल्या एनर्जी जेलने मळमळतं.

घाटवाट

रोड बाईक नको. तुमच्या वेगाने हिशोब बसतो, आधी तोच मांडू.

200ला 13 तास 30 मिनिटं मिळतात. 6ला निघालात तर 7.30ला शेवट. मधल्या कंट्रोललाही (वाटेतली हजेरीची ठिकाणं) वेळ असते: 60 किमीपर्यंतच्या कंट्रोलला ताशी 20 किमी अधिक एक तास, त्यापुढे ताशी 15. म्हणजे 50 किमीवरचं कंट्रोल साडेतीन तासांनी 9.30ला बंद, 100 किमीवरचं 12.40ला.

जाताना 18.5 धरा: 100 किमीला 5 तास 24 मिनिटं. येताना पाय जड आणि समोरून वारा असेल म्हणून 17 धरा: 5 तास 53 मिनिटं. बेरीज 11 तास 17 मिनिटं. उरले 2 तास 13 मिनिटं. त्यात दहा-दहा मिनिटांचे आठ थांबे आणि जेवायला पंचवीस मिनिटं घातलीत की 28 मिनिटं शिल्लक. एक पंक्चर आणि थोडी चुकामूक एवढंच त्यात मावतं.

नवखे बाद होतात ते बहुतेक थांब्यांवर. चहाला म्हणून थांबायचं, मग फोटो, मग कुणाची तरी वाट बघायची, की चाळीस मिनिटं गेलीच. ती भरून काढायला पुढे दोन किमीने वेग वाढवायचा म्हटलं तर पाय जागेवर राहत नाहीत. घड्याळावर दहा मिनिटांचा गजर लावून थांबा. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा कुणी नसतो. 8 तासांत आलेला आणि 13 तास 25 मिनिटांनी आलेला, दोघांची नोंद सारखीच.

रस्ता: जाताना नव्या कात्रज बोगद्यापर्यंत चढ, मग शिंदेवाडीकडे उतार, खेड शिवापूर, शिरवळ, खंडाळा आणि तिथून खंबाटकी घाट. खंबाटकी सगळ्यात लहान गिअरवर बसून काढायची, धाप लागून बोलता येईना तर वेग जास्त आहे असं समजा. उतारावर वळणं आवळत जातात, ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नाही. सतत हलकासा दाबून ठेवण्यापेक्षा जोरात लावून सोडा, पुन्हा लावा, म्हणजे डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो. महामार्गाची कामं चालू असतात, त्यामुळे आयोजक देतील तोच मार्ग पाळा, नकाशाच्या ॲपवर विसंबू नका.

परतीची खरी परीक्षा शिंदेवाडीहून बोगद्यापर्यंतचा चढ. तो 180च्या पुढे येतो आणि डिसेंबरात सहाला सूर्य मावळलेला असतो. बोगद्यातून बाहेर आलात की नवले पुलाकडे उतार. तिथे ट्रकचे ब्रेक निकामी होऊन किती अपघात झालेत ते पुणेकरांना सांगायला नको. अगदी डावीकडे राहा, 25च्या वर जाऊ नका, मागचे दोन्ही दिवे चालू आहेत ना ते बोगद्याआधी थांबून बघा.

निशा_आर

सायलीताई, बूड आणि करंगळी या दोन्ही गोष्टी सरावाने जात नाहीत, मापाने जातात. अकरातला पहिला आठवडा त्यालाच द्या.

अनवाणी भिंतीला टेकून उभ्या राहा, दोन पायांत पुस्तक घट्ट वर धरा, जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. त्याला 0.883ने गुणा. 78 सेंमी आलं तर 68.9. पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत, सीटच्या नळीच्या रेषेत, एवढं अंतर ठेवा. ही सुरुवात, मग एका वेळी 3-4 मिमीच हलवा. गुडघा पुढून दुखला तर सीट खाली आहे किंवा गिअर जड आहे. मागच्या बाजूला, लवणीत दुखला तर सीट वर गेली आहे. कंबर डावी-उजवीकडे डुलत असेल तरी वरच.

करंगळी: तळहाताच्या बाहेरच्या कडेची नस दाबली जाते. सीटचं टोक खाली झुकलं असेल तर शरीर पुढे घसरतं आणि सगळा भार हातावर येतो. टोक सपाट करा, पाण्याची पातळी बघतात तशी. मनगट मागे मुडपलेलं नको, ब्रेकचे लिव्हर थोडे खाली फिरवा. सरळ हँडलला हात ठेवायला एकच जागा असते, म्हणून दोन्ही टोकांना छोटी शिंगं (बार-एंड) बसवून घ्या आणि तळव्याला आधार देणाऱ्या रुंद ग्रिप. हँडल मागे-पुढे करण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

बुडासाठी जेलचं मऊ कव्हर असेल तर आजच काढा. मऊ जेल हाडांखालून दबतं आणि मधल्या नाजूक भागात वर येतं. सीट बसायच्या हाडांच्या रुंदीची हवी. बायकांना साधारणपणे जरा रुंद लागते. पॅडिंगच्या शॉर्ट्सच्या आत काही घालायचं नाही, शिवणीच सोलतात. खांद्याच्या पट्ट्यांची बिब पुरुषांना सोयीची, आपल्याला पंपावरच्या स्वच्छतागृहात सगळं उतरवावं लागतं, तेव्हा कमरेची शॉर्ट्स घ्या. जांघेत व्हॅसलीन निघताना आणि परत 100 किमीवर. दर दहा-पंधरा मिनिटांनी पेडलवर 15-20 सेकंद उभ्या राहा. आणि स्वच्छतागृह टाळायचं म्हणून पाणी कमी पिऊ नका, ही चूक बायका सर्रास करतात.

सराव: रविवारची लांब फेरी अशी. 60, 75, 90, मग 60 (विश्रांतीचा आठवडा). 100, 115, 130, मग 80. पुढे 150. मग 80. शेवटच्या आठवड्यात मधल्या वारी एक-दोनदा 20 किमी हळू, बस. 150 सुखाने झाले की 200 होतात, सरावात 200 करायची गरज नाही. आठवड्यात आणखी दोन दिवस तासभर: एक दिवस बोपदेव घाटाच्या चढावर आठ-आठ मिनिटांचे चार टप्पे, मध्ये चार मिनिटं आरामात, दुसरा दिवस सपाटीवर हलक्या गिअरने मिनिटाला 80-85 पेडल. सिंहगड नको, तो या रस्त्याच्या मानाने फारच उभा आहे, गुडघे उगाच भरून येतात. 130 आणि 150च्या फेऱ्या महामार्गावर, पहाटे अंधारात निघून करा. डिसेंबरात सहाला निघाल्यावर सुरुवातीला अंधारच असतो.

चाळिशी ओलांडली आहे, तेव्हा आधी डॉक्टरांकडून बीपी, साखर आणि ईसीजी करून घ्या.

गिअरगडबड

पंक्चर घरी शिका. मागच्या चाकाचंच शिका, कारण तेच जास्त होतं आणि तेच अवघड.

चेन मागच्या सगळ्यात लहान दातेरी चक्रावर आणा, मग चाक काढा. टायरची एक बाजू लिव्हरने (टायर उचकटायची छोटी पट्टी) सोडवा, ट्यूब बाहेर. आता टायरच्या आतून फडकं फिरवा, बोट नको, कापेल. महामार्गाच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरमधल्या बारीक तारा पडलेल्या असतात, तीन-चार मिमीच्या. त्या बाहेरून दिसत नाहीत, फडक्यात अडकतात. ती न काढता नवी ट्यूब घातली तर पाच किमीत परत तेच. नवी ट्यूब जरा फुगवून, गोल आकार आला की टायरमध्ये बसवा. टायरची कड वॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करून वॉल्व्हपाशी संपवा, शेवटचा भाग अंगठ्यांनी ढकला. लिव्हर वापरलात तर ट्यूब चिमटीत सापडून फाटते. हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी टायर दाबून ट्यूब कुठे डोकावत नाही ना ते बघा. दोन समांतर भोकं दिसली तर काटा नव्हे, हवा कमी असताना खड्ड्याची धार लागली आहे. पहिल्यांदा पंचवीस मिनिटं लागतील, पाच-सहा वेळा केलंत की बारावर येतं.

64 + 14 किलोला 35च्या टायरमध्ये पुढे 50, मागे 60 पीएसआय. बाजूवर छापलेल्या कमालपेक्षा जास्त कधीच नाही.

सामान: दोन ट्यूब (टायरच्याच मापाच्या, वॉल्व्ह तुमचा पंप घेतो तोच), पॅच, सोल्युशन, घासकागद, दोन लिव्हर, छोटा पंप, चेनतोड असलेला मल्टिटूल, चेनची क्विकलिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), चार केबल टाय, मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणारा भाग) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा तुकडा. हँगर प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, वाटेत मिळणार नाही. सोल्युशनची ट्यूब एकदा उघडली की महिन्या-दोन महिन्यांत वाळते, नवी न्या. सर्व्हिसिंग दहा दिवस आधी, आदल्या दिवशी नाही. केबल नवी टाकली तर ती ताणते आणि गिअर उड्या मारतात. ते सरावातच कळू दे. ब्रेक पॅडचा मसाला 1 मिमीच्या खाली असेल तर बदला.

घाटवाट

35च्या जागी 32चे गुळगुळीत टायर टाका असं मी म्हणेन, गोट्यांच्या (उठावदार खडबडीत नक्षीच्या) टायरवर बरीच ताकद वाया जाते.

गिअरगडबड

गोट्या असतील तर हो. गुळगुळीत 35 असतील तर पैसे घालवू नका, रंबलरवर (रस्त्यावरच्या आडव्या उंच पट्ट्या) 35च बरे. खेड शिवापूरपासूनचे रंबलर मोजून बघा एकदा.

पायडलपंत

खाण्याचं मी सांगतो. ताशी 40 ग्रॅम कर्बोदकं धरा. मध्यम केळ्यात साधारण 25, दोन खजुरांत 12 च्या आसपास. म्हणजे तासाला एक केळं आणि दोन-तीन खजूर, किंवा पोळीला तूप-गूळ लावून गुंडाळी. पोळी चार तुकडे करून खिशात, दर वीस मिनिटांनी एक तुकडा. भूक लागल्यावर खायचं ठरवलं तर उशीर झालेला असतो. जेलने मळमळतं ते बहुधा वर पाणी कमी पडल्याने, पण गरज नाहीच तर सोडा. कंट्रोलला इडली किंवा दहीभात. मिसळ, भजी, वडापाव परत आल्यावर. तेल पोटात बसून राहतं आणि पुढच्या चढाला उलटी होते.

पाणी डिसेंबरात ताशी 500-600 मिलि. एका बाटलीत साधं, दुसरीत ओआरएस. एका लिटरच्या पुड्यात सुमारे 1.7 ग्रॅम सोडियम असतं, म्हणून चार तासांना एक पुडा पुरतो. पूर्ण पुडा पूर्ण लिटरमध्येच, दोन घोट पाण्यात कालवून नाही. गोड चवीची खोक्यातली पेयं ओआरएस नव्हेत, मिठाचं प्रमाण वाचून घ्या. 100 किमीच्या सराव फेरीआधी आणि नंतर वजन करा: एक किलो घटलं तर चालेल, वजन वाढलं असेल तर साधं पाणी जास्त ढोसताय आणि रक्तातलं सोडियम उतरतंय. बोटं सुजणं, डोकं दुखणं, मळमळ ही त्याची लक्षणं. बीपीची गोळी चालू असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा.

निशा_आर

नियमांचं कुणी लिहिलं नाही. हेल्मेट, पुढे-मागे पक्के बसवलेले दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट लागतंच. पुढचा 400 लुमेनचा पुरे, स्थिर प्रकाशावर. लुकलुकणारा समोरच्याला त्रास देतो आणि आपल्याला खड्डा दाखवत नाही. मागे दोन लाल दिवे, एक बंद पडला तरी एक राहतो. घरच्यांनी गाडीतून मागे यायचं नाही, मदत फक्त कंट्रोलवर. आयोजकांनी दिलेल्या कार्डावर प्रत्येक कंट्रोलला शिक्का घ्यायला विसरू नका. माणूस नसलेल्या कंट्रोलला वेळ छापलेली पावती किंवा एटीएमची स्लिप लागते. कार्ड झिपच्या पिशवीत, घामाने शाई पसरते.

सायलीप

खूप धन्यवाद सगळ्यांना. टायरला गोट्या नाहीत, तेव्हा 35च ठेवते. एक राहिलं: पाय अडकवायचे पेडल आणि बूट आत्ता घ्यावेत का? आणि क्विकलिंक कुठलीही चालते?

गिअरगडबड

पेडल आत्ता नको. क्लीट (बुटाखालची पेडलमध्ये अडकणारी पट्टी) दोन अंश वाकडी बसली तरी 100 किमीनंतर गुडघा बोलतो, आणि ती सवय व्हायला महिना जातो. सपाट पेडलवर टोचणाऱ्या पिना आहेत का बघा, नसतील तर तसे पेडल घ्या, बूट कडक तळव्याचे. पावसाळी चपलेसारखा मऊ तळवा असेल तर पंज्याखाली दुखतं.

क्विकलिंक चेनच्या स्पीडचीच. मागे आठ गिअर म्हणजे 6-7-8 स्पीडची. 9ची चेनच्या पिनेला अरुंद पडते, बंदच होत नाही.

घाटवाट

नवी क्विकलिंक घरी एकदा लावून-काढून बघा. लावल्यावर ती वरच्या बाजूला आणा, मागचा ब्रेक धरा आणि पेडलवर जोर द्या, 'टक' आवाज आला की बसली.