ओतानीची १७ ऑक्टोबरची रात्र: दंडवत घालायचा, की जरा थांबायचं?

पासाडेनाकर

घसा पार बसलाय, म्हणून लिहून बोलतो.

काल, शुक्रवारी १७ ऑक्टोबर २०२५ ला, डॉजर स्टेडियमवर लॉस एंजेलिस डॉजर्स आणि मिलवॉकी ब्रुअर्स यांच्यात नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेतला चौथा सामना झाला (आधी चार सामने जिंकेल तो वर्ल्ड सिरीज या महाअंतिम मालिकेत). ज्यांचा बेसबॉलशी काही संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शोहेई ओतानी डॉजर्सचा पिचरही आहे आणि बॅटरही. म्हणजे चेंडू टाकणारा तोच आणि फटके मारणाराही तोच. आजच्या मेजर लीगमध्ये या पातळीवर दोन्ही करणारा दुसरा कोणी नाही. इतर पिचरांच्या जागी बॅटिंगला दुसराच माणूस येतो.

काल त्याने पहिल्याच बॅटरला वॉक दिला, म्हणजे चार चेंडू वाईट टाकून आयता पहिला बेस दिला. मग लागोपाठ तिघांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं, माउंडवरून, म्हणजे चेंडू टाकायच्या उंचवट्यावरून, उतरला, हेल्मेट घातलं, आणि आपल्या संघाचा पहिला बॅटर म्हणून जाऊन होमर मारला, म्हणजे चेंडू थेट कुंपणापार. चौथ्या इनिंगमध्ये (सामना नऊ इनिंगचा) दुसरा होमर, ४६९ फूट, उजवीकडच्या पॅव्हेलियनच्या छतापर्यंत. सातव्यात तिसरा. या सगळ्यात पिचर म्हणून सहा इनिंग पूर्ण, दहा स्ट्राइकआउट, हिट (बेस मिळवून देणारे फटके) फक्त दोन, धाव एकही नाही. डॉजर्स ५-१, मालिका ४-०, मिलवॉकी घरी.

एकाच सामन्यात तीन होमर आणि दहा स्ट्राइकआउट हे मेजर लीगमध्ये याआधी कोणीच केलेलं नाही. प्लेऑफ, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्या, सोडा, साध्या हंगामातही नाही. आणि पिचरने सामन्याच्या सुरुवातीलाच होमर मारणं, तेही पहिल्यांदाच.

माझं म्हणणं सरळ आहे. एका माणसाने एका सामन्यात केलेली बेसबॉलमधली ही सर्वोत्तम कामगिरी. पटत नसेल तर दुसरं नाव सांगा.

पहाटपक्षी

इथे पुण्यात शनिवारी सकाळी सहा वाजून गेले होते, धनत्रयोदशी. आई चकल्या पाडत होती आणि मी तिच्या शेजारी मोबाईल धरून. दुसरा होमर गेला तेव्हा मी असा काही ओरडलो की तिच्या सोऱ्यातून वेढा सुटला. तिने शांतपणे विचारलं, "कोण आउट झालं?"

दंडवत. विषय संपला माझ्यापुरता.

जुना खडूस

माझ्यापुरता नाही संपला. दुर्मीळ आणि मोठं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या धाग्यात त्यांची खिचडी झालीये.

मालिका ३-० होती. काल डॉजर्स हरले असते तरी आणखी तीन संधी शिल्लक होत्या. तिन्ही होमर सोलो, बेसवर कोणी नसताना. म्हणजे पाचातल्या तीन धावा त्याच्या, बाकीच्या दोन इतरांच्या. आणि मिलवॉकीने चारही सामन्यांत मोजून एकेक धाव काढली. दुसऱ्या सामन्यात डॉजर्सच्याच यामामोतोने त्यांना पूर्ण नऊ इनिंग खेळवलं. पहिल्यात स्नेलने आठ इनिंगमध्ये एकच हिट दिला आणि दहा स्ट्राइकआउट घेतले. म्हणजे ओतानीची पिचिंग त्याच मालिकेत, त्याच संघातसुद्धा अव्वल नव्हती!

नाव हवंय ना? डॉन लार्सन, यांकीजचा पिचर. ८ ऑक्टोबर १९५६, यांकी स्टेडियम, वर्ल्ड सिरीज २-२ अशी अडकलेली, समोर तेव्हाचे ब्रुकलिनचे डॉजर्स. सत्तावीस आले, सत्तावीस परत गेले. एकही माणूस बेसवर पोचला नाही. आणि त्याच मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात याच लार्सनला दुसऱ्या इनिंगमध्ये बाहेर काढावं लागलं होतं. ते ओझं खांद्यावर घेऊन तो आला होता. याला म्हणतात मोठं.

मिलवॉकीचा वाघ्या

जखमेवर मीठ चोळायला आलात का खडूस? "मोजून एकेक धाव" हे तुम्ही आमच्या बॅटर्सची लायकी काढायला वापरताय. ब्रुअर्सनी या हंगामात ९७ सामने जिंकले, मेजर लीगमध्ये सर्वाधिक. याच डॉजर्सना आम्ही हंगामात सहापैकी सहा वेळा हरवलं. तो संघ चार रात्रींत असा कोमेजला, त्याला समोरच्यांनी कोमेजवला म्हणून.

मी काल विस्कॉन्सिनमध्ये एका तळघरात आठ जणांबरोबर पाहत होतो. पहिल्या होमरला शिव्या. दुसऱ्याला कोणी काहीच बोललं नाही. तिसऱ्याला आमच्यातला सर्वांत कडवा माणूस उठला आणि टाळ्या वाजवायला लागला. हरलेल्या माणसाची टाळी जास्त खरी असते असं मला वाटतं. तेव्हा माझं मत धागाकर्त्याच्या बाजूने, दात-ओठ खाऊन.

अर्धवटराव

ओतानीचा सत्तर कोटी डॉलरचा करार, त्यातले अडुसष्ट कोटी नंतर द्यायचे, म्हणजे आत्ता बाकीचे मोठे मासे घ्यायला गल्ला मोकळा. असा संघ कौतुकाने पाहायचा म्हणजे सावकाराच्या वाड्याची रोषणाई पाहून टाळ्या पिटण्यासारखं आहे. (हलकेच घ्या.)

पासाडेनाकर

@अर्धवटराव, पैशाने माणूस विकत घेता येतो, ४६९ फूट नाही घेता येत. पैशावर वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्या बाजूने भांडेन.

@जुना खडूस, "काही पणाला नव्हतं" म्हणता? आधीच्या मालिकेत फिलाडेल्फियाविरुद्ध तो १८ पैकी एकदाच हिट मारू शकला होता. या मालिकेच्या पहिल्या तीन सामन्यांत ११ पैकी दोन. म्हणजे २९ मध्ये तीन! इथल्या रेडिओवर आठवडाभर एकच रड होती, की पिचिंगच्या भाराने त्याची बॅट मेली. एरवी मैदानावर उघड्यावर सराव न करणारा माणूस मधल्या दिवशी बॅट घेऊन मैदानात उतरला, तेव्हाच आम्ही समजलो की दुखतंय कुठेतरी. तुमच्या लार्सनच्या खांद्यावर ओझं होतं, तसं याच्याही होतं. कोपराच्या दोन शस्त्रक्रिया, गेल्या नोव्हेंबरात खांद्याची, आणि माउंडवर परत आला तो याच जूनमध्ये.

स्कोअरबुकवाली

दोन्ही बाजूंनी एक माणूस विसरलाय. जिम टोबिन, बोस्टन ब्रेव्ह्ज, १३ मे १९४२, शिकागो कब्जविरुद्ध. तो पिचर होता, नकलबॉल (जवळजवळ न फिरता डुलत जाणारा चेंडू) टाकायचा. त्या दिवशी त्याने तीन होमर मारले, सामना पूर्ण टाकला आणि ६-५ ने जिंकला. स्ट्राइकआउट दहा नव्हते, ते मान्य. पण "पिचरने तीन होमर" ही गोष्ट जन्माला काल आलेली नाही.

दुसरा रिक वाइज. २३ जून १९७१, फिलाडेल्फिया फिलीजचा पिचर, समोर सिनसिनाटी. नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्याला एकही हिट दिला नाही, आणि स्वतः दोन होमर मारले. मला विचाराल तर कागदावर हीच कामगिरी ओतानीच्या सगळ्यांत जवळ जाते. दोन होमर असले तरी हिट शून्य.

आता खरा काटा. ओतानीचा तिसरा होमर पाहा कधी आला. सातव्या इनिंगच्या वरच्या अर्ध्यात, म्हणजे मिलवॉकीच्या बॅटिंगला, त्याने एक वॉक आणि एक हिट दिला, तिथे त्याला माउंडवरून काढलं, आणि त्याच्या जागी आलेल्या व्हेसियाने डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे आउट) काढून ती इनिंग निस्तरली. खालच्या अर्ध्यात, डॉजर्सच्या बॅटिंगला, ओतानी आला आणि होमर मारला. म्हणजे तेव्हा तो पिचर उरलाच नव्हता! २०२२ ला नियम बदलला म्हणून सुरुवातीचा पिचर बाहेर गेला तरी बॅटर म्हणून राहू शकतो. तो नियम झाला तोच मुळी ओतानीसाठी. टोबिन किंवा वाइजला माउंडवरून काढलं असतं तर एक तर दुसरीकडे कुठेतरी फील्डिंगला उभं राहावं लागलं असतं, नाहीतर घरी.

मी ओतानीच्या विरोधात नाही. पण तीन होमरपैकी एक नियमाच्या खुर्चीवर बसून मारलाय, एवढं वहीत लिहून ठेवा.

पासाडेनाकर

हा मुद्दा चांगला आहे आणि मला त्रास देतोय. विचार करून येतो.

जुना खडूस

या बाईंना कोणीतरी चहा पाजा.

आता क्रिकेटमधलं सांगतो, म्हणजे "मोठं" म्हणजे काय ते कळेल. फेब्रुवारी १९८०, वानखेडे. इंग्लंड ५ बाद ५८. बोथम खेळायला आला, ११४ केले, यष्टिरक्षक टेलरबरोबर १७१ ची भागीदारी. पहिल्या डावात सहा बळी, दुसऱ्यात सात. इंग्लंड दहा गडी राखून जिंकलं. माझे वडील तिथे होते. पहिल्या दिवसानंतर विश्रांतीचा दिवस ठेवला होता, कारण १६ तारखेला खग्रास सूर्यग्रहण होतं. वडील म्हणायचे, ग्रहण आमच्यावर दुसऱ्या दिवशी लागलं ते सामना संपेपर्यंत सुटलं नाही.

५ बाद ५८! तिथून उभं केलेलं काम. ओतानीच्या संघाला काल तशी गरज कुठे होती?

पासाडेनाकर

खडूस, तुम्ही स्वतःच खड्डा खणलात. तो सामना कसला होता? आपल्या क्रिकेट मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाचा. एकच कसोटी, मालिका नाही, करंडकाची शर्यत नाही, हरलं तर पुढचं काही हुकत नव्हतं. "काय पणाला होतं" हीच तुमची फूटपट्टी असेल तर बोथम कालच्या ओतानीच्याही खाली जातो. तरी तुम्ही त्याचं नाव छातीठोकपणे घेतलंत, आणि बरोबर घेतलंत, कारण तेरा बळी आणि शतक एकाच माणसाचं, हे पाहणाऱ्याला मालिका-बिलिका आठवत नाही.

स्कोअरबुकवाली ताई, तुमच्या नियमाचं उत्तर: मानलं. तिसरा होमर बाजूला काढा. तरी काय उरतं? सहा इनिंग, शून्य धावा, दहा स्ट्राइकआउट, आणि पिचर असताना मारलेले दोन होमर, त्यातला एक छतावर. वाइजचा नो-हिटर मोठा खराच, पण त्या रात्री त्याच्या संघाला वर्ल्ड सिरीजचं दार उघडायचं नव्हतं.

स्कोअरबुकवाली

हे जमलं. वाइजला मी अर्धी पायरी खाली घेते. टोबिनला नाही.

पहाटपक्षी

क्रिकेटच्या मापाने ४६९ फूट म्हणजे जवळजवळ १४३ मीटर. आपल्याकडे शंभर मीटरचा षटकार गेला की समालोचकांचा आवाज चिरकतो. एवढंच सांगायला आलो, चकल्या तळून झाल्या.

अर्धवटराव

यांकीजच्या रेजी जॅक्सनला कोणीच विचारेना? १९७७, वर्ल्ड सिरीज, सहावा सामना. तीन वेगवेगळे पिचर, प्रत्येकाचा पहिलाच चेंडू, तीन होमर, यांकीज विजेते. त्याला माउंडवर जायची गरजच पडली नाही. सावकाराच्या वाड्याची रोषणाई म्हणाल तर तीही यांकीजचीच होती, ते आहेच. (स्वतःच्या पायावर धोंडा.)

जुना खडूस (२८ ऑक्टोबर)

धागा वर काढतोय, कारण काल रात्री लॉस एंजेलिसला जे झालं ते पाहून गप्प बसवेना.

वर्ल्ड सिरीज, तिसरा सामना, टोरोंटोविरुद्ध, मालिकेत १-१ अशी बरोबरी. सामना सुटेना म्हणून नवाच्या अठरा इनिंग. ओतानीचे दोन डबल (दोन बेस मिळवून देणारे फटके), दोन होमर, त्यातला दुसरा सातव्यात ५-५ बरोबरी करणारा. त्यानंतर टोरोंटोने त्याला खेळूच दिलं नाही. पाच वॉक, त्यातले चार मुद्दाम. एकूण नऊ वेळा बेसवर, बॅटर म्हणून आउट एकदाही नाही. शेवटी अठराव्यात डॉजर्सच्या फ्रीमनने होमर मारून ६-५ ने संपवलं.

हे माझ्या व्याख्येत बसतं. सामना अटीतटीचा, प्रत्येक वेळी त्याची गरज होती, आणि समोरच्याने सरळ हात वर केले. १७ तारखेपेक्षा ही रात्र मोठी. आता हवा तर दंडवत घालतो.

पहाटपक्षी

मी ऑफिसात बसून पाहिला. सुरू झाला तेव्हा दूधवाला आला होता, संपला तेव्हा डबा उघडायची वेळ. आमच्या टीम लीडने अकराव्या इनिंगला येऊन विचारलं काय चाललंय. चौदाव्याला तो खुर्ची घेऊन शेजारी बसला.

पासाडेनाकर

खडूस, तुम्ही पटलात याचा आनंद आहे, पण चुकीच्या रात्रीवर पटलात! काल त्याने पिचिंग कुठे केली? सगळा चमत्कार दोन्ही कामं एकाच रात्री करण्याचा होता. निव्वळ बॅटिंगच मोजायची तर तुमच्या लार्सनने तरी बॅटिंग कुठे केली होती?

स्कोअरबुकवाली

केली होती. तेव्हा पिचरला बॅटिंग करावीच लागायची. दोनदा आउट झाला, आणि सहाव्या इनिंगमध्ये सॅक्रिफाइस बंट टाकला, म्हणजे स्वतः आउट होऊन दुसऱ्याला पुढे सरकवणारा हलका टोला. त्या बंटवर त्याच्याच संघातला कॅरी दुसऱ्या बेसवर गेला, मग बाउअरच्या हिटवर घरी आला. सामना २-० सुटला, त्यातली दुसरी धाव ती.

जुना खडूस

हे मला माहीत नव्हतं. लार्सन पुन्हा एक नंबर.