सहावा महिना चालू आहे, दुसरं इंजेक्शन राहिलंय. घेऊ की नको?

खाडीपलीकडची

नमस्कार. मी गुहागर तालुक्यात खाडीकाठच्या गावात राहते. पहिलटकरीण आहे. चोविसावा आठवडा चालू आहे आणि तारीख सप्टेंबरच्या मध्यावर, म्हणजे ऐन गणपतीत दिली आहे.

तिसऱ्या महिन्यात उपकेंद्रात टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं, पहिलं इंजेक्शन घेतलं. त्या रात्री अंगात कसकस आली आणि दंड असा भरून आला की दोन दिवस कळशी उचलता येईना. सासूबाई घाबरल्या. "चार बाळंतपणं झाली माझी घरातच, एक सुई टोचून घेतली नाय," असं म्हणाल्या. नंतर दुसऱ्या इंजेक्शनसाठी आशाताई दोनदा दारात आल्या. दोन्ही वेळा मी आतूनच निरोप दिला की मी घरी नाही. ते मनाला लागून राहिलंय.

आता तालुक्याच्या गावच्या डॉक्टरबाई म्हणतात की अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या आसपास टीडॅप (टीडी आणि डांग्या खोकल्याची एकत्र लस) घ्या आणि फ्लूचीही लस घ्या. टीडॅप एकटीच हजाराच्या वर जाते. मासेमारीच्या बोटी १ जूनला बंद होतील, मग दोन महिने घरात पैसा नाही. आमचे मालक अजून बोटीवर आहेत. त्यात गावच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की गरोदरपणात लस घेतली तर गर्भ पडतो. गेल्या वर्षी कालवं काढताना पाय कापला होता, तेव्हा धनुर्वाताची टीटी घेतलीच होती. मग आता पुन्हा कशाला, असंही वाटतं.

कोणी घेतली असेल तर खरं खरं सांगा. मला भीती वाटते, आणि घेतली नाही तर त्याचीही वाटते.

जुनी सिस्टर

बाळा, आधी उद्या सकाळी आशाताईला फोन कर. ती रागावणार नाही. आमच्या कामात बंद दारं फार बघावी लागतात, आणि पुन्हा उघडलेलं दार बघून बरंच वाटतं.

मी १९८४ साली दापोली तालुक्यात एएनएम, म्हणजे उपकेंद्राची नर्स, म्हणून लागले आणि २०२० साली निवृत्त झाले. तुझ्यासारख्या किती जणींना टोचलं त्याची मोजदाद नाही. दंड दुखणं, थोडा सुजणं, एखादा दिवस ताप येणं हे होतं. शरीर लस ओळखतंय त्याची ती खूण. ओल्या फडक्याची घडी ठेवायची, हात हलता ठेवायचा, ताप असेल तर पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घ्यायची. टोचल्यावर लगेच अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला किंवा खांद्यापासून कोपरापर्यंत सगळा हात सुजला असता तर गोष्ट वेगळी होती. तसं काही झालं असेल तर दुसऱ्या डोसाआधी डॉक्टरांना सांगच. तू लिहिलंस त्यावरून तसं दिसत नाही.

आता सासूबाईंचं. त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांची चारही बाळंतपणं सुखरूप झाली हे खरंच आहे. पण माझ्या नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मी जे बघितलं ते तुला सांगते. खाडीपलीकडच्या वाडीतून निरोप आला, बाळ दूध ओढत नाही. बाळंतपण घरी झालेलं, नाळ कोयत्याने कापलेली, वर चुलीतली राख दाबलेली. मी होडीने पोचले तेव्हा बाळ सात दिवसांचं होतं. पहिले दोन-तीन दिवस चांगलं प्यायलं होतं. आता ओठ चंबूसारखे आवळलेले, मुठी घट्ट. आईने दूध पिळून बोंडल्याने घातलं की ते तोंडाच्या दोन्ही कडांनी गळ्यावर उतरायचं. बघायला म्हणून मी खिडकीचं फळकूट उघडलं, तर त्या उजेडाने त्याच्या अंगाची कमान झाली. मी पटकन फळकूट लावून घेतलं. बाळ दुसऱ्या दिवशी गेलं. घरातले म्हणाले, सटवीने नेलं. अशी "सटवीने नेलेली" बाळं तेव्हा गावोगाव होती. तो नवजात बाळाचा धनुर्वात होता. आईला दोन इंजेक्शनं मिळाली असती तर ते बाळ बहुतेक वाचलं असतं. त्या बाईला मी पुढच्या खेपेला दोन्ही डोस दिले. तो मुलगा आज बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख आहे.

मे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून माता आणि नवजात बाळाचा धनुर्वात हटल्याचं मान्य केलं. हटला म्हणजे दर जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी. धनुर्वाताचे जंतू आपल्या मातीत आणि शेणात आहेत, ते राहणारच. म्हणून दर आईला नव्याने टोचावं लागतं. पायाच्या जखमेला घेतलेली टीटी वाया गेली नाही, पण एका डोसावर बाळापर्यंत पुरेसं संरक्षण पोचेल असं धरून चालत नाहीत. पहिल्या खेपेला चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले तर मात्र एकच बूस्टर. डॉक्टरबाईंना त्या टीटीचंही सांग.

गर्भ पडतो हा मेसेज माझ्याकडेही आला होता. टीडीमध्ये जिवंत जंतू नसतोच. जंतूचं विष निकामी करून त्याची लस केलेली असते, ती पोटात जाऊन वाढेल असं त्यात काही नाही. गर्भपात बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत होतात, लस घेतलेल्यांचेही आणि न घेतलेल्यांचेही. त्याच आठवड्यात सुई टोचलेली असली की बोल सुईला लागतो. ज्या लशींत जिवंत पण दुबळा केलेला जंतू असतो, म्हणजे गोवर-रुबेला, कांजिण्या, त्या मात्र गरोदरपणात देत नाहीत. तुला कोणी त्या देणारही नाही.

टीडी म्हणजे धनुर्वात आणि घटसर्प. मी निवृत्त व्हायच्या सुमारास टीटीच्या जागी ती आली. टीडॅपमध्ये त्या दोघांबरोबर डांग्या खोकलाही असतो. आता तुझी तारीख बघ. ऐन गणपतीत बाळ येणार. मुंबईचे चाकरमानी घरभर, एसटीतून, गाडीतून खोकत आलेले, आणि जो तो म्हणणार, बघू बघू, जरा मांडीवर दे. बाळाला डांग्या खोकल्याची स्वतःची लस दीड महिन्याचं झाल्यावर मिळते. इतक्या लहान बाळाला डांग्या खोकला झाला तर ते मोठ्यांसारखं ढासत नाही, कधी कधी श्वासच थांबतो आणि निळं पडतं. त्या दीड महिन्यात त्याच्याकडे तुझ्या रक्तातून वारेवाटे गेलेलं संरक्षणच काय ते असतं. म्हणून ती २७ ते ३६ आठवड्यांच्या मध्ये देतात. शरीराला तयारीला दोन आठवडे लागतात आणि मग ते बाळाकडे उतरतं.

पैशाचं म्हणशील तर टीडी उपकेंद्रात फुकट आहे. टीडॅप घ्यायची ठरली तर डॉक्टर बहुतेक वेळा दुसऱ्या टीडीच्या जागीच ती देतात, म्हणजे टोचणं एकच. तसं त्यांना विचारून घे. जमणार नसेल तर आशाताईला सांगून टीडी घे, आणखी थांबू नकोस. "ती घेईन मग" म्हणता म्हणता दोन्ही राहिल्या अशा बाया मी पाहिल्या आहेत.

फ्लूचं उद्या लिहिते, डोळे दुखायला लागले.

हर्णैची

मी लस गरोदरपणात घेतली, पण वेगळीच. सातव्या महिन्यात बंदरावर मासळीच्या टोपल्यांत कुत्रा पोटरीला चावला. रक्त आलं. जाऊबाईंनी नळाखाली पाय धरून पंधरा मिनिटं साबणाने धुतला, घड्याळ लावून. शेजारचे म्हणत होते, अमक्याकडे पाळं, म्हणजे मुळीचं औषध देतात, पोटुशी बाईला सुया नकोत. सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रेबीज झाला तर आई आणि बाळ दोघंही जातील, ही लस गरोदरपणातही द्यायचीच असते. जखमेत रेबीजविरुद्धचं सिरम दिलं. लस दोन्ही दंडांत, त्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सिरमने डोळ्यांत पाणी आलं, लशीचं काहीच वाटलं नाही. मुलगी आता अंगणवाडीत जाते. टीडीच्या दोन्ही सुयाही मी घेतल्या होत्या.

जुनी सिस्टर

हर्णैच्या जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा, अर्धं काम त्यांनीच केलं.

आता फ्लू. ही टोचायची लसही मेलेल्या जंतूची. पोट वाढतं तसं फुप्फुसाला जागा कमी पडते, हृदयावर भार असतो, त्यामुळे इतरांना चार दिवसांत सुटणारा फ्लू गरोदर बाईला दवाखान्यात नेऊ शकतो. आपल्याकडे पावसात त्याची साथ वाढते, आणि तुझे शेवटचे महिने नेमके पावसात आहेत. आपले डॉक्टर साधारण २६ आठवड्यांनंतर ती देतात. आईने घेतली की बाळालाही पहिले काही महिने आधार मिळतो. त्याला स्वतःची फ्लूची लस सहा महिन्यांनंतरच देता येते. पैसे एकदम निघत नसतील तर कोणती आधी घ्यायची हे डॉक्टरबाईंना स्पष्ट विचार. लाजू नकोस.

एक राहिलं. लस फ्रिजमध्ये नीट ठेवली होती का, अशी शंका बायका घेतात, आणि घ्यावीच. टीडी गोठली तर निकामी होते. आम्ही आईसपॅक फ्रीजरमधून काढून बाहेर ठेवायचो आणि कानाशी हलवून बघायचो. आत पाणी डचमळलं की मगच लस न्यायच्या निळ्या डब्यात भरायचो. तू सिस्टरला बिनधास्त विचार, ती कुपी दाखवेल.

खाडीपलीकडची

काकू, तुमचं सगळं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. बोंडल्याचं आलं तिथे त्या उठून पडवीत गेल्या. रात्री जेवताना म्हणाल्या, सरकारी सुई घे, मी येते बरोबर. हजाराची मात्र अजून पटलेली नाही. मालकांशी फोनवर बोलले, ते म्हणाले, बोटीचा हिशेब झाला की पहिले पैसे त्याचे.

आशाताईंना फोन केला. डॉक्टरबाईंनाही विचारलं. त्यांनी सांगितलं की २७ आठवडे भरायला तीनच आठवडे आहेत, दुसऱ्या डोसाला टीडॅपच देऊ, आणि तोवर पैसे जमले नाहीत तर त्याच दिवशी उपकेंद्रात टीडी घ्या. आशाताईंनी ती तारीख वहीत लिहून घेतली. फ्लूची त्यानंतर बघू.

अजून एक विचारायचं होतं. माझा रक्तगट निगेटिव्ह आहे, त्याचं इंजेक्शन अठ्ठाविसाव्या आठवड्यात सांगितलंय. ती पण लसच का?

जुनी सिस्टर

नाही गो, ती लस नव्हे. ते अँटी-डी. मालकांचा गट पॉझिटिव्ह असेल तर बाळाचाही तसा असू शकतो, आणि बाळाच्या रक्ताविरुद्ध तुझ्या शरीरात प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून ते देतात. ते चुकवू नकोस, आणि बाळंतपणानंतर बाळाचा गट तपासून पुन्हा लागेल तेव्हाही आठवण कर. दोन्ही इंजेक्शनं जवळजवळ येतील, म्हणून कोणतं कधी झालं ते माता-बाल कार्डावर तिथल्या तिथे लिहून घे.

जाताना सैल बाहीचं काहीतरी घाल, घट्ट ब्लाउजात दंड निघत नाही. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बस. सासूबाईंनाही बसव, घाई करतील त्या.