उशीर झाला म्हणून साक्ष कच्ची ठरत नाही

संस्थांमध्ये लहानपणी झालेल्या लैंगिक अत्याचाराबद्दल कुणी बोललं की ‘इतक्या वर्षांनी सांगितलेलं कसं धरायचं?’ असं विचारलं जातं. ऑस्ट्रेलियाच्या रॉयल कमिशनने (याच विषयावरचा सरकारी चौकशी आयोग, २०१३-१७) ८,०००हून अधिक खाजगी बैठका घेतल्या. त्यांत बोललेल्यांना पहिल्यांदा कुणाला तरी सांगायलाच सरासरी २३.९ वर्षं लागली होती. म्हणजे उशीर हाच इथला नेहमीचा क्रम.

खरी गडबड मुलाखतीत होते. आघाताच्या आठवणीत वास, दाराचा आवाज लख्ख राहू शकतो, पण तारीख आणि क्रम पुसट होतात. सुरुवातीलाच ‘नक्की कधी?’ विचारलं की माणूस अंदाजाने साल सांगतो, आणि पुढे तेच साल त्याच्यावर उलटवलं जातं. म्हणून आधी ‘आठवेल तसं सांगा’ म्हणून सलग बोलू द्यावं, मग तपशील विचारावा. साल ठरवायचं ते वसतिगृहाच्या हजेरीपटावरून, कर्मचाऱ्यांच्या बदलीच्या आदेशांवरून. हे काम इतिहासकाराचं. एकट्या मानसशास्त्रज्ञाला ते जमणार नाही. एकाच कर्मचाऱ्याच्या, कारण न नोंदवता, वारंवार बदल्या झालेल्या दिसल्या, तर संस्थेला काय माहीत होतं याचा माग तिथूनच काढावा.

संमती दोनदा घ्या: ध्वनिमुद्रणाआधी, आणि लिहून काढलेला मजकूर दाखवल्यावर. तो मजकूर टंकणाऱ्यांनाही आधार लागतो. त्यांना हमखास विसरलं जातं.